रॉडवरचा पांढरा थर

लातूरला आमच्याकडे आंघोळीचं पाणी बोअरचं. बादलीत असं नितळ की तळाशी पडलेली टिकली दिसावी. पण त्याच बादलीत पाणी तापवायचा रॉड महिना-दोन महिने वापरला की वेटोळ्यांवर खरखरीत पांढरा थर बसतो. ‘क्षार चढला,’ म्हणतात घरात. शिकवणीला येणाऱ्या नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, क्षार पाण्यातच होता, मग दिसला कसा नाही? फडक्यानं गाळला तरी का निघत नाही?”

गढूळ पाण्यातली माती खाली बसते, फडक्यात अडकते. द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे आयन (विद्युतभार असलेले कण) किंवा रेणू सुटे होऊन पाण्याच्या रेणूंत मिसळलेले असतात. ते इतके बारीक की उजेडही त्यांच्यावरून जाणवण्याइतका विखुरत नाही.

विरघळायला मर्यादा मात्र असते. १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. रॉडवरचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि ते शुद्ध पाण्याच्या अख्ख्या लिटरात जेमतेम १५ मिलिग्रॅम. मग बोअरच्या पाण्यात एवढं आलं कुठून? पावसाचं पाणी काळ्या रानात मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्लधर्मी होतं. नांगरताना वर येतात ना, ते चुनखडीचे पांढरे खडे त्यात हळूहळू विरघळतात, आणि होतं कॅल्शियम बायकार्बोनेट. ते कितीतरी जास्त विरघळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. (तूरडाळ शिजली नाही की शिव्या दुकानदाराला. खरं तर पुष्कळदा पाण्यातला कॅल्शियमच डाळीतल्या पेक्टिनला (पेशी चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला) घट्ट धरून बसलेला असतो.)

पाणी तापलं की वायू निसटतो आणि सगळं उलट फिरतं:

कॅल्शियम बायकार्बोनेट → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

डावीकडे कॅल्शियमचा १ अणू, हायड्रोजनचे २, कार्बनचे २, ऑक्सिजनचे ६. उजवीकडेही तेवढेच. हे आयतंच जुळलेलं. पोरं अडकतात ती थर काढायच्या समीकरणात:

कॅल्शियम कार्बोनेट + हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

उजवीकडे क्लोरीनचे २ अणू, डावीकडे १. इथं अर्धा वर्ग कॅल्शियम क्लोराइडच्या सूत्रातला (CaCl₂) खालचा २ खोडतो आणि वही पुढं करतो, “जुळलं सर!” अरे, खालचा आकडा म्हणजे त्या पदार्थाची ओळख. ‘एच-टू-ओ’च्या शेवटी आणखी एक २ लावा, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. त्याच्या पातळ द्रावणानं जखम धुतात. तहान लागली म्हणून ते कोणी पीत नाही. हात लावायचा फक्त सूत्राच्या आधी लिहिलेल्या आकड्याला, म्हणजे रेणू किती घेतले त्याला. आम्लाचे रेणू २ घेतले की क्लोरीन जुळतो, हायड्रोजनही जुळतो.

मी हे वजनातच करून दाखवतो. १०० ग्रॅम कार्बोनेटला ७३ ग्रॅम आम्ल, एकूण १७३. उजवीकडे १११, १८ आणि ४४. बेरीज पुन्हा १७३. उघड्या भांड्यात केलं तर काटा ४४ ग्रॅम कमी दाखवणार, कारण तेवढा वायू फसफसून उडून गेला. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं अठराव्या शतकात बंद भांड्यांत तोलून हाच हिशेब पक्का केला होता.

न्हाणीघरात जहाल ॲसिडची वाफ नको, म्हणून आम्ही लिंबूसत्व वापरतो, म्हणजे सायट्रिक आम्ल. रॉडची पिन काढायची, गरम पाण्यात दोन-तीन चमचे टाकायचे, त्यात वेटोळी बुडवून ठेवायची. याचं समीकरण मी त्या मुलीला घरी करायला दिलं. कार्बोनेटचे ३ रेणू, आम्लाचे २, उजवीकडे कॅल्शियम सायट्रेटचा १ आणि पाण्याचे नि वायूचे ३-३. तीन पानं खोडाखोड करून तिनं ते काढलं. रॉडही धुतला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाली, “सर, रॉड चकचकीत झाला, पण तळाशी पांढरं काहीतरी बसलंय. क्षार परत आला का?”

तिनंच लिहिलेलं पान उघडायला लावलं. कॅल्शियम सायट्रेटवर बोट ठेवून म्हटलं, “हे पाण्यात किती विरघळतं, शोध बरं.”