गहू, स्पुटनिक आणि पीएच.डी.: अमेरिकी शिष्यवृत्त्यांची पार्श्वभूमी
परदेशांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला मार्गदर्शकाकडून फुलब्राइट, फुलब्राइट-हेज, फ्लॅस, बोरेन अशी नावे ऐकायला मिळतात. ती एकाच योजनेच्या शाखांसारखी वाटतात. पण त्यांचा पैसा वेगवेगळ्या खात्यांतून आला आणि त्यांतले क्वचितच एखादे खाते निव्वळ विद्येसाठी उघडले गेले होते.

पहिले खाते युद्धातल्या उरल्यासुरल्या मालाचे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याचे साहित्य देशोदेशी पडून होते; ते परत नेणे परवडत नव्हते आणि घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. तो माल स्थानिक चलनात विकून आलेला पैसा विद्यार्थी व अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करावा, ही सिनेटर विल्यम फुलब्राइट यांची युक्ती १९४६ साली कायद्यात उतरली. भारताशी तसा करार १९५० मध्ये झाला. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट १९६३ साली पहिल्यांदा भारतात आल्या त्या याच शिष्यवृत्तीवर, इंग्रजी शिकवण्यासाठी. २००८ मध्ये भारताने खर्चाचा निम्मा वाटा उचलायचे ठरवले आणि नावात नेहरू आले.

दुसरे खाते भीतीचे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेला आणि वर्षभरात अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्याच्या सहाव्या प्रकरणाने भाषा आणि प्रदेश-अभ्यासाची केंद्रे उभी केली, विद्यार्थ्यांना भाषा-शिष्यवृत्त्या दिल्या. आजची फ्लॅस ही त्यांचीच वारस. मराठीची धुळाक्षरे गिरवणारा अमेरिकी विद्यार्थी कागदोपत्री देशाच्या संरक्षणासाठीच ती गिरवत होता. सरकार उलथवू पाहणाऱ्या संघटनेशी आपला संबंध नाही, असे शपथपत्रही सुरुवातीला द्यावे लागे. काही नामांकित विद्यापीठांनी त्यापायी या कायद्याखालचे पैसे नाकारले आणि १९६२ मध्ये ती अट गेली. फ्लॅस मात्र केवळ अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळत आली, त्यामुळे पुण्याहून तिकडे गेलेल्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही.

तिसरे खाते थेट आपल्या रेशनच्या दुकानाशी जोडलेले आहे. पी. एल. ४८० या १९५४ च्या कायद्याखाली आलेल्या अमेरिकी गव्हाची किंमत भारत रुपयांत चुकवत असे आणि ते रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच साचत. ते बाहेर नेता येत नसल्याने काही भाग विद्येकडे वळला. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संस्कृतज्ञ नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजला तो मिळाला. या संस्थेचे भारतातले पहिले बिऱ्हाड पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. त्याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी होऊन अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोहोचली, आणि मराठी पुस्तकांचे तिथले मोठे संग्रह गव्हाच्या पैशावर वाढले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. १९७४ मध्ये अमेरिकेचे भारतातील राजदूत मॉयनिहन यांनी शिलकीतला मोठा हिस्सा, १,६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश लिहून, भारताला परत दिला.

पुढची वाट याच वळणाची आहे. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने पीएच.डी.साठी परदेशात प्रत्यक्ष जाऊन केलेल्या संशोधनाला पैसा दिला. संरक्षण शिक्षण कायद्याचे सहावे प्रकरण १९८० मध्ये उच्च शिक्षण कायद्यात गेले, तरी त्यामागचे ‘राष्ट्रीय गरज’ हे समर्थन कायम राहिले. १९९१ च्या बोरेन योजनेत तर शिष्यवृत्तीच्या बदल्यात काही काळ सरकारी सेवेची अट आली आणि प्रदेश-अभ्यासकांच्या काही संघटनांनी तिला उघड विरोध केला. जे खाते ज्या कारणाने उघडते, ते त्या कारणाचे वजन घटले की आक्रसते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्यात मोठी कर्मचारी कपात झाली, तेव्हा फ्लॅस आणि फुलब्राइट-हेज सांभाळणारे कार्यालयही तिच्यात सापडले, आणि त्या वर्षीची फुलब्राइट-हेज प्रबंध-संशोधनाची निवड रद्द झाली.