युद्ध पेटलं की लष्करी विमान थेट दारात येतं?

आखातात पोरं कामाला असलेल्या कोल्हापूरच्या घरांत एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो: 'परदेशात युद्ध भडकलं की आहात तिथेच थांबा, आपलं लष्करी विमान येऊन उचलून नेतं.' शिरोळच्या महापुरात डोक्यावर हेलिकॉप्टर बघितलेल्यांना हे पटणं साहजिक आहे. पण तो आपला मुलूख. परक्या देशाच्या हद्दीत लष्करी विमान न्यायचं तर त्या देशाची, शिवाय वाटेतल्या प्रत्येक देशाची परवानगी लागते. प्रवासी विमानाला ती बहुधा लवकर मिळते.

1990 साली इराकनं कुवेतवर हल्ला केला, तेव्हाचंच बघा. दीड लाखाहून जास्त भारतीय परतले, ते बहुतांश नागरी विमानांनी. तेही कुवेतहून नव्हे, जॉर्डनमधल्या अम्मानहून! तिथवर इराकमार्गे, वाळवंटातून, रस्त्यानं जावं लागलं. 2015 मध्ये येमेनमधून अनेक जण आधी जहाजानं समुद्रापलीकडच्या जिबूती या आफ्रिकी देशात पोचले, लष्करी विमान मिळालं ते तिथून पुढे.

असा मेसेज आला की त्या देशातल्या भारतीय दूतावासाची वेबसाइट उघडा. सूचनेत जमायचं ठिकाण, तारीख, नोंदणीचा फॉर्म असतो. पोराचं नाव तिथं नोंदलंय का, हे आजच फोन करून विचारा.