पंचवीस गावं, रस्ता एकही नाही

कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. आकार देशाच्या पाचव्या हिश्श्याएवढा, माणसं २०२१च्या जनगणनेनुसार जेमतेम ३७ हजार, त्यातली बहुतेक इनुइट, म्हणजे इथले मूळ रहिवासी. गावं पंचवीस, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता एकही नाही. वृद्धांसाठीची केंद्रं कोणत्या गावाला द्यायची, हा इथला वाद वरवर पाहता खाटांच्या वाटपाचा वाटतो. पण त्याच्या तळाशी जुनी जखम आहे.

१९५० पासून 'सी. डी. हाउ' हे सरकारी जहाज उन्हाळ्यात इथल्या किनाऱ्यांवर फिरू लागलं. गावातली माणसं जहाजावर चढायची, छातीचा एक्स-रे निघायचा. क्षय सापडला की अनेकांना निरोप घ्यायलाही खाली उतरू देत नसत. तिथूनच त्यांची रवानगी दक्षिणेतल्या हॅमिल्टनसारख्या शहरांतल्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णालयात, व्हायची. सरकारदरबारी ओळख म्हणजे नंबर कोरलेला बिल्ला. १९५६च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण असा दक्षिणेत होता. कित्येक जण तिथेच वारले. कुठे पुरलं, हेही घरच्यांना कळलं नाही. पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी मार्च २०१९ मध्ये नुनावुतची राजधानी इकालुइटला येऊन याबद्दल माफी मागितली. आई जहाजावर चढली ती परत आलीच नाही, अशी तेव्हाची मुलं आज म्हातारी झाली आहेत.

आणि आता विमानात बसायची पाळी त्यांच्यावर आली आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांची चोवीस तास काळजी घेण्याची सोय प्रदेशात पुरेशी नसल्यामुळे नुनावुत सरकार अशा वृद्धांना ओटावातल्या एका खासगी निवासात पाठवत आलं आहे. इकालुइटपासून ते सुमारे दोन हजार किलोमीटर. आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटलं की मुलांनी टाकलं, असं मनात येतं. इथे टाकण्याचा प्रश्नच नाही; घरं लहान, माणसं दाटीवाटीने राहणारी, आणि रात्री रुग्णाजवळ जागायला प्रशिक्षित असं कुणी नाही. नव्वदीच्या आजीला इनुक्टिटुटखेरीज भाषा येत नसेल आणि सील नाहीतर कॅरिबूचं (तिकडच्या हरणाचं) मांस खायची इच्छा झाली, तर ओटावात ती सांगणार कुणाला?

१९९९ साली नुनावुत वेगळा झाला तेव्हा सगळं राजधानीत एकवटू नये म्हणून सरकारी खाती इकालुइटबाहेरच्या दहा गावांत वाटली गेली. वाटून घ्यायची सवय तिथून पडली. इग्लूलिक आणि जो हेवन इथे छोटी केंद्रं झाली, पण अवघड रुग्ण तिथे मावत नाहीत. पुढे ठरलं की तीन विभागांना एकेक मोठं केंद्र द्यायचं: रँकिन इनलेट, इकालुइट आणि केंब्रिज बे. त्यात रँकिन इनलेटचं २४ खाटांचं केंद्र आधी हाती घेतलं. २०२१ मध्ये पी. जे. अकीअगोक प्रीमियर, म्हणजे प्रदेशाचे सरकारप्रमुख, झाले, तेव्हा वृद्धांना प्रदेशातच ठेवणं हे त्यांच्या सरकारने अग्रक्रमाचं काम म्हणून जाहीर केलं.

तीन विभागांना तीन, म्हणजे पंक्तिप्रपंच नको म्हणून केलेली वाटणी. कागदावर ती चोख आहे, पण मला ती अर्धीच पटते. अगदी उत्तरेकडच्या ग्रीस फियॉर्ड गावाहून इकालुइट सुमारे दीड हजार किलोमीटर. तिथल्या मुलीला आईला भेटायचं तर विमानाशिवाय इलाज नाही. इतकंच की आई तिथे बोलेल ते ऐकणाऱ्याला समजेल. उलट प्रत्येक गावात चार-चार खाटा टाकाव्यात, तर चार माणसांसाठीही तिन्ही पाळ्यांना कर्मचारी लागतातच. बाहेरून नर्स आणली तर तिला राहायला घर नाही, कारण गावकऱ्यांनाच घरं पुरत नाहीत. बांधावं म्हटलं तर सिमेंटपासून खिळ्यांपर्यंत जड सामान उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर येणाऱ्या जहाजावर अवलंबून. ते चुकलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं.