निकष आधी ठरवावेत की उमेदवार पाहून?

एका शहराच्या पोलीसप्रमुखाची नेमणूक करायची आहे, असे समजा. एका प्रकारच्या उमेदवाराला रस्त्यावरच्या कामाचा दांडगा अनुभव आहे, पण शिक्षण बेताचे. दुसऱ्या प्रकारच्या उमेदवाराचे शिक्षण उत्तम, पण अनुभव तोकडा. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशी वर्णने लोकांपुढे ठेवली आणि उमेदवाराचे नाव कधी पुरुषाचे, तर कधी स्त्रीचे दिले. स्त्री कमी पात्र आहे, असे मूल्यमापन करणाऱ्यांनी म्हटले नाही. त्यांनी नकळत पदाचे निकषच बदलले : पुरुष उमेदवार शिकलेला असला की या पदाला शिक्षण अत्यावश्यक वाटू लागले आणि तो कमी शिकलेला असला की शिक्षणाचे महत्त्व घटले. त्याहून अस्वस्थ करणारी बाब अशी की, ज्यांना आपला निर्णय वस्तुनिष्ठ असल्याची अधिक खात्री होती, त्यांच्या निर्णयात पक्षपातही अधिक होता.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, याचे एक कारण मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन यांच्या संशोधनात सापडते. दुसऱ्याला आपण त्याच्या वागण्यावरून जोखतो, मात्र स्वतःला जोखताना मनात डोकावून हेतू तपासतो. पूर्वग्रह तर जाणिवेच्या आड काम करीत असल्याने तिथे तो सापडत नाही आणि हेतू शुद्ध दिसल्यामुळे निर्णयही शुद्धच असणार, असे आपण धरून चालतो. म्हणूनच केवळ आत्मपरीक्षणावर विसंबणारा अधिकारी, तो कितीही प्रामाणिक असला तरी, मला धोक्याचा वाटतो.

भारतातील खासगी कंपन्यांबाबत सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये मांडलेला अभ्यास या संदर्भात वाचायलाच हवा. त्यांनी नोकरीच्या ५४८ जाहिरातींना काल्पनिक उमेदवारांच्या नावे ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता तुल्य असूनही, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. यातला किती भेदभाव जाणूनबुजून आणि किती नकळत घडला, हे अशा पद्धतीने वेगळे करता येत नाही. पण ज्याचा अर्ज बाजूला पडला, त्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच.

उलमन आणि कोहेन यांच्या संशोधनातच एक उपायही आहे. उमेदवार स्त्री की पुरुष हे कळण्यापूर्वी मूल्यमापन करणाऱ्यांना निकषांचे महत्त्व ठरवून त्या निर्णयाला बांधून घ्यायला लावले, तेव्हा भेदभाव नाहीसा झाला. कार्यालयातील बढतीच्या वेळी सगळेच ओळखीचे असल्याने नावे झाकता येत नाहीत. तरीही कोणत्या गुणाला किती वजन द्यायचे, हे चर्चेआधी कागदावर उतरवता येते. आणि ‘आमच्या वातावरणात रुळेल का’ यासारखा, मोजता न येणारा निकष नेमका कोणाचे नाव पुढे आल्यावर उपस्थित झाला, हे त्या कागदाशी ताडून पाहता येते.