अन्ननलिका फाटते तेव्हा हृदय का गुदमरते?

जोराची उलटी झाली आणि लगेच छातीत असह्य कळ आली, की सगळ्यांना हार्ट अटॅकच आठवतो. शंका रास्त आहे. पण उलटी आधी आणि कळ नंतर, हा क्रम डॉक्टरांना आवर्जून सांगा. कारण अन्ननलिका फाटली असेल तर हार्ट अटॅकसाठी दिले जाणारे, रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध जिवावर बेतू शकते. बोअरहावे या डच वैद्याने १७२४ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याच्या शवविच्छेदनानंतर या आजाराचे वर्णन केले. त्या अधिकाऱ्याने भरपेट जेवून उलटीचे औषध घेतले होते. 'शरीरशुद्धी'साठी मुद्दाम उलट्या काढायला सांगणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळेच.

अन्ननलिका हृदयाच्या डाव्या अलिंदाला (वरच्या कप्प्याला) जवळजवळ चिकटूनच खाली उतरते. आतड्याला असते तसे बाहेरचे पातळ आवरणही तिला नसते. श्वास घेताना छातीतला दाब आणखी उतरतो, त्यामुळे फाटलेल्या जागेतून हवा, आम्ल आणि जंतू बाहेर ओढले जातात. ते हृदयावरणापर्यंत, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीपर्यंत, पोहोचले की तिथे पू साचू लागतो.

खरी गंमत या पिशवीत आहे. एरवी तिच्यात १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. तो महिनोन्‌महिने हळूहळू वाढला तर पिशवी ताणत जाते आणि लिटरभरही सामावून घेते. झपाट्याने साचला तर मात्र २०० मिलिलिटरही पुरे होतात. आधी उजवे अलिंद दबते, कारण तिथला दाब मुळातच कमी असतो. हृदयाचा स्नायू धडधाकट असतो, जोर लावून आकुंचन पावतो, पण पिळायला आत रक्तच नसते. मानेच्या शिरा फुगतात, नाडी धावते, रक्तदाब कोसळतो. श्वास आत घेताना उजवे निलय (खालचा कप्पा) भरते, बाहेर फुगायला जागा नसल्याने मधला पडदा डावीकडे ढकलते आणि डाव्या निलयाची जागा खाते. म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर वरचा रक्तदाब १० मिलिमीटरपेक्षा जास्त घसरतो. सुईने थोडा द्रव काढला तरी रक्तदाब लगेच सावरतो. फाटलेली जागा मात्र तरीही बुजवावीच लागते.

हृदयाकडून अन्ननलिकेकडे, अशा विरुद्ध दिशेनेही हे घडते. अनियमित ठोक्यांसाठी डाव्या अलिंदात उष्णतेने ॲब्लेशन करतात, म्हणजे बिघडलेला भाग जाळतात, तेव्हा क्वचित मागची अन्ननलिका भाजते आणि काही आठवड्यांनी दोन्हींमध्ये भोक पडते. मग हवा थेट रक्तात शिरून मेंदूत जाते. अशा वेळी दुर्बीण घालून हवा सोडणे घातक, आधी सीटी स्कॅन हवा. ॲब्लेशननंतर दोन महिन्यांत ताप आला, गिळताना दुखले किंवा बोलणे अडखळले, तर ॲब्लेशन झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा.