दहा सीसीचे साडेसहाशे रुपये: दुचाकी विम्याच्या हप्त्याची पार्श्वभूमी

बजाज पल्सर 150 चं इंजिन 149.5 सीसीचं. टीव्हीएस अपाचे 160 चं 159.7 सीसीचं. दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, जवळपास त्याच वेगानं धावतात. तरी 1 जून 2022 पासून लागू झालेल्या सरकारी तक्त्यात पहिलीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा हप्ता, 714 रुपये आहे आणि दुसरीचा 1,366. दहा सीसीचे 652 रुपये, वर जीएसटी. चालवणारा विशीतला आहे की साठीतला, गेल्या वर्षी त्यानं कुणाला धडक दिली का, गाडी रोज पन्नास किलोमीटर पळते की आठवड्यातून एकदा भाजी आणायला निघते, यातल्या कशानंही हा आकडा हलत नाही.

असं का, हे कळायला 1939 च्या मोटार वाहन कायद्यापासून सुरुवात करावी लागते. ब्रिटनने 1930 च्या रोड ट्रॅफिक कायद्यानं वाहनमालकाला विमा सक्तीचा केला होता. त्याच धर्तीवर इथल्या कायद्यात विम्याचं आठवं प्रकरण आलं. पण मध्ये महायुद्ध आल्यामुळे ते प्रत्यक्ष लागू झालं 1 जुलै 1946 ला. हेतू एकच होता. धडक देणाऱ्याच्या खिशात पैसे नसले तरी धडक बसलेल्याला भरपाई मिळावी. म्हणजे हा विमा मालकाच्या सोयीसाठी नव्हताच. विमा उतरला जायचा तो गाडीचा. पुढे ब्रिटनमध्ये चालकाचं वय, व्यवसाय, जुने अपघात यांवर हप्ता ठरण्याची पद्धत पक्की झाली. आपल्याकडे मात्र थर्ड पार्टीचा हप्ता गाडीच्या वर्गालाच चिकटून राहिला.

विमा कंपनीच्या डोक्यावरचा बोजा कायद्यागणिक वाढत गेला. 1939 च्या कायद्यात कंपनीच्या देण्याला रकमेची मर्यादा होती. 1 जुलै 1989 पासून 1988 चा कायदा आला आणि मृत्यू व शारीरिक इजेपुरती ती मर्यादा गेली. अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम द्यायची. नोव्हेंबर 1994 मध्ये दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची अटही उडाली. अपघातानंतर कितीही वर्षांनी दावा येऊ शकतो म्हटल्यावर आजच्या हप्त्यात उद्याची किती देणी धरायची, हे कुणालाच नेमकं सांगता येईना. (ती अट 1 एप्रिल 2022 पासून परत आली आहे.) शिवाय भरपाई मृताच्या उत्पन्नावर ठरते. 2009 चा सरला वर्मा आणि 2017 चा प्रणय सेठी, या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी वयानुसार गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला किती पटीनं गुणायचं तो आकडा) आणि भविष्यातल्या पगारवाढीचं प्रमाण ठरवून दिलं. पगार वाढले तशा भरपाया वाढल्या आणि त्यामागून तक्ताही वर सरकला.

तो तक्ता कोण ठरवतं, याचीही एक गोष्ट आहे. 1 जानेवारी 1973 ला सामान्य विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शंभरावर कंपन्यांच्या चार झाल्या. दर ठरवायची टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी. दुकान कुठलंही असो, भाव एकच. 2000 नंतर खासगी कंपन्या आल्या तरी हे चाललंच. 1 जुलै 2002 पासून लागू झालेली 'इंडिया मोटर टॅरिफ', म्हणजे दरांचं आणि अटींचं पुस्तक, त्यांनाही बंधनकारक होती. आज पॉलिसीच्या कागदावर जे काही छापलेलं दिसतं, त्यातलं बहुतेक या पुस्तकातून आलं आहे. थर्ड पार्टीसाठी दुचाकींचे चार गट: 75 सीसीपर्यंत, 75 ते 150, 150 ते 350 आणि त्यावर. पहिला गट लुनासारख्या मोपेडच्या जमान्यातला. आता तो जवळपास ओस आहे. टीव्हीएसची एक्सएलसुद्धा 99.7 सीसीची झाली. पण गट काही कुणी काढला नाही, 538 रुपयांचा दर त्याच्यापुढे अजून उभा आहे. वरच्या टोकाला रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 आपल्या 349 सीसीनं तिसऱ्या गटात बसते, तर 411 सीसीची हिमालयन चौथ्या गटात जाऊन 2,804 रुपये भरते.

इलेक्ट्रिक गाडीला सीसी नसतं, म्हणून तिच्यासाठी किलोवॉटचे गट केले: 3 पर्यंत 457, 3 ते 7 ला 607, 7 ते 16 ला 1,161 आणि त्यावर 2,383. हे वेगळा हिशेब करून काढलेले आकडे नाहीत. पेट्रोलच्या चारही दरांतून 15 टक्के वजा करा, हेच येतात.

1 जानेवारी 2007 ला टॅरिफ सुटली, पण अर्धीच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओडीचा भाव कंपन्यांवर सोडला. थर्ड पार्टीचा भाव सरकारी विमा नियामकाकडे राहिला. 2011 पासून तो दरवर्षी तपासायची रीत पडली आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तो केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अधिसूचनेनं निघतो. तो नेहमी वरच जातो असंही नाही. 2019 मध्ये 75 ते 150 सीसीला 752 रुपये होते, 2022 मध्ये ते 714 झाले. त्याच वेळी 150 ते 350 चा दर 1,193 वरून 1,366 वर गेला.

त्यामुळे ऑनलाइन दर ताडून पाहताना फरक दिसतो तो ओडीतच. थर्ड पार्टीत कुणी 'स्वस्त' देतो म्हणाला, तर कागद नीट वाचा.

ओडीचा पाया मात्र आजही जुन्या टॅरिफचाच आहे. दर आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या जाहीर किमतीवर लागतो. शोरूमच्या आजच्या किमतीतून घसारा वजा: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दुसऱ्या वर्षात 20, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40, पाचव्यात 50, पुढे कंपनी आणि मालक ठरवतील ते. देशाचे दोन झोन: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद 'ए', बाकी सगळा देश 'बी'. पाच वर्षांच्या आतल्या, 150 सीसीपर्यंतच्या गाडीला 'ए'मध्ये 1.708 टक्के, 'बी'मध्ये 1.676. म्हणजे 90,000 आयडीव्हीच्या गाडीला पुण्यात 1,537 रुपये आणि नाशिकला 1,508. पुण्याची गाडी महाग पडते म्हणून गावच्या पत्त्यावर पासिंग करून घेणाऱ्यांनी या 29 रुपयांचा विचार करावा. आता कंपन्या आपापल्या दाव्यांच्या अनुभवानुसार आरटीओ आणि मॉडेलप्रमाणे सवलत कमीजास्त करतात, त्यामुळे फरक याहून मोठा दिसू शकतो. पण तो झोनमुळे नसतो, चोऱ्या आणि दाव्यांमुळे असतो.

नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल दरवर्षी वाढणाऱ्या सवलतीचा जिनाही त्याच पुस्तकातला: 20, 25, 35, 45, 50 टक्के. तो फक्त ओडीवर मिळतो आणि एक दावा केला की थेट शून्य. इथं खरा हिशेब करावा लागतो. समजा, नाशिकची 125 सीसीची गाडी, किंमत 90,000, तिसरं वर्ष चालू. आयडीव्ही 63,000, टॅरिफ दरानं ओडी 1,056, त्यातून 25 टक्के बोनस जाऊन 792. पार्किंगमध्ये गाडी पडली. पुढचा मडगार्ड आणि व्हायजर मिळून 1,400 रुपयांचे सुटे भाग. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे उरले 700. प्रत्येक दाव्यात मालकानं सोसायचे सक्तीचे 100 गेले. हातात आले 600. आता पुढच्या वर्षी आयडीव्ही 54,000, ओडी 905, त्यावरचा 35 टक्के बोनस गेला: 317. त्याच्या पुढच्या वर्षी ओडी 754. 45 टक्क्यांऐवजी 20 मिळाले, म्हणजे आणखी 189. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की दोन वर्षांत 597 रुपये जास्त गेले. सहाशे मिळवायला पाचशे सत्त्याण्णव मोजले, आणि तिसऱ्या वर्षीही बोनस मागेच आहे. कंपनीनं ओडीवर मोठी सवलत दिली असेल तर बोनसची किंमत त्या प्रमाणात घटते आणि हिशेब दाव्याच्या बाजूनं झुकतो. म्हणून आधी आपल्या पॉलिसीवरची ओडीची रक्कम बघावी. हे घसाऱ्याचं दुखणं ओळखूनच टॅरिफ सुटल्यावर 'झिरो डेप', म्हणजे जादा हप्ता घेऊन सुट्या भागांवर घसारा न कापणारं कव्हर निघालं. नव्या आणि भरपूर प्लास्टिकच्या स्कूटरला ते परवडतं. त्यात वर्षाला किती दावे चालतात तेवढं आधी विचारावं.

2018 चा सप्टेंबर दुचाकी घेणाऱ्यांच्या लक्षात राहिला असेल. विमा उतरवलेली गाडी शोरूममधून निघायची आणि दुसऱ्या वर्षी पॉलिसी संपली की तशीच फिरायची. दुचाकींत हे सर्रास होतं. रस्ता सुरक्षेवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलैत आदेश दिला की 1 सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा विक्रीच्या वेळीच घ्यायचा. 150 ते 350 सीसीला वर्षाचे 985 होते तिथं एकदम 5,453 भरायची वेळ आली, ऐन गणपतीत. त्याच महिन्यात मालक-चालकाच्या अपघात विम्याची रक्कम दुचाकीसाठी 1 लाखाची 15 लाख झाली आणि त्याचा हप्ता 50 रुपयांवरून 750 वर गेला. ऑन-रोड किमतीतली ती उडी अजून कायम आहे. 2022 च्या तक्त्यात याच गटाचे पाच वर्षांचे 7,365 होतात.

यातली अपघात विम्याची रक्कम अनेकजण विनाकारण दोनदा भरतात. 1 जानेवारी 2019 पासून हा विमा गाडीपासून वेगळा घेता येतो आणि तो माणसाचा आहे. आपल्या नावावर दोन गाड्या असतील तर एकदाच पुरतो. पुरेशा रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर तसं लिहून देऊन हा रकाना कोरा ठेवता येतो. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

1 सप्टेंबर 2019 पासून नुसता ओडीही वेगळा मिळू लागला, कारण पाच वर्षांची थर्ड पार्टी हातात असताना दुसऱ्या वर्षापासून फक्त तोच नूतनीकरण करायचा असतो. इथं एक चूक वारंवार होते. ओडी संपला तरी 'पाच वर्षांचा आहे' म्हणून मालक निर्धास्त असतो. हवालदारानं अडवलं तर कागद पुरे पडतो, पण गाडी चोरीला गेली तर काहीच मिळत नाही. ओडी खंडित होऊन 90 दिवस उलटले की साठलेला बोनसही जातो.

मागे बसणाऱ्याचा प्रश्न वेगळाच गुंता. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत फुकट नेलेला मागचा स्वार येत नाही. 2009 मध्ये नियामकानं स्पष्ट केलं की पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र असलेल्या पॉलिसीत तो येतो. बायको-मुलांना रोज मागे बसवणाऱ्यानं जुन्या गाडीवर निव्वळ थर्ड पार्टी घेऊन वाचवलेले चार-पाचशे या बाजूनं तपासून बघावेत. भाड्यानं माणसं नेणाऱ्या दुचाकींचा, उदाहरणार्थ गोव्यातल्या 'पायलट'चा, वर्ग तक्त्यात मुळातच वेगळा आहे. खासगी पॉलिसीवर तो धंदा करताना अपघात झाला तर वापराच्या अटीवरून दावा अडतो.

टॅरिफमधल्या काही सवलती अजून टिकून आहेत, पण महागाईत विरघळल्या आहेत. वाहनांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेल्या चोरीरोधक यंत्राला ओडीवर अडीच टक्के. स्वतःहून 500 रुपयांचं नुकसान सोसायचं कबूल केलं तर 5 टक्के, पण जास्तीत जास्त 50 रुपये. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची 1 लाखाची मर्यादा 6,000 वर आणली तर 50 रुपये कमी. ही सवलत घेऊ नये, एखाद्या मोटारीचा दिवा फुटला तरी सहा हजार पुरत नाहीत. अपंगांसाठी बदल करून आरसीवर तशी नोंद केलेल्या गाडीला ओडीत 50 टक्के सूट आहे, आणि ती मागून घ्यावी लागते. उलट बाजूला, जास्तीचे विजेचे दिवे किंवा इतर विद्युत सामान जाहीर केलं तर त्याच्या किमतीच्या 4 टक्के जादा. जाहीर केलं नाही तर हप्ता वाढत नाही आणि सामानाचे पैसेही मिळत नाहीत.

ताजा बदल विम्याच्या खात्यातला नाहीच. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि त्यावरच्यांचा 40. आयडीव्ही शोरूमच्या चालू किमतीवर काढतात, त्यामुळे जुन्या 125 सीसीच्या गाडीचं नूतनीकरण करताना आयडीव्ही घसाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त उतरलेली दिसते. हप्ता थोडा कमी येतो, चोरी किंवा पूर्ण नुकसानीत मिळणारी रक्कमही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. आयडीव्ही खाली आली की ती रेषाही खाली येते, म्हणून नूतनीकरणाच्या पानावर कंपनीनं आधीच भरून ठेवलेला सर्वांत कमी आकडा तसाच स्वीकारू नये.