लेखनज्ञान आणि ध्वनिभान

बोललेल्या शब्दाचे तुकडे कानाने ओळखणे, मोजणे, एखादा वगळणे ही क्षमता म्हणजे ध्वनिभान. हे भान आधी येते आणि त्याच्या जोरावर मूल लिहा-वाचायला शिकते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. शब्द कसा लिहितात हे एकदा कळले, की कानही त्या लेखनाप्रमाणे शब्द तोडू लागतो.

अमेरिकेत लिनिया एहरी व सहकारी यांनी १९८० साली चौथीतल्या मुलांना इंग्रजी शब्दांतले ध्वनी मोजायला लावले. ‘रिच’ आणि ‘पिच’ यांचा शेवट उच्चारात सारखाच. पण ‘पिच’च्या स्पेलिंगमध्ये ‘सीएच’च्या आधी एक ‘टी’ येतो. ते स्पेलिंग येणारी मुले ‘पिच’मध्ये एक ध्वनी जास्त मोजत. डोळ्यांनी पाहिलेला ‘टी’ त्यांच्या कानात शिरला होता.

त्याआधी, १९७९ मध्ये, जोसे मोराइस व सहकाऱ्यांना पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दाचा पहिला ध्वनी वगळणे फारसे जमत नाही असे दिसले. मोठेपणी साक्षर झालेल्यांना मात्र ते जमे. यावरून श्रेय साक्षरतेला द्यावे, तर १९८६ चा चीनमधील अभ्यास आडवा येतो. केवळ चिनी चिन्हे वाचणारे साक्षर असूनही अडखळले, चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पिनयिन पद्धत शिकलेले अडखळले नाहीत. प्रश्न लिपी कुठे तुकडा पाडते याचा आहे.

देवनागरी तो अक्षरापाशी पाडते. ‘घर’ तोंडातून एका दमात बाहेर पडते, तरी पहिलीतले मूल त्यावर दोन टाळ्या वाजवते. ‘भक्त’ बोलताना भक्-त असा तुटतो, पाटीवर भ-क्त असा. मुलांच्या ‘च’च्या भाषेत ‘घर’चे ‘चरघ’ होते आणि ‘प्रकाश’चे ‘चकाशप्र’. प्र फोडून नुसता प् मागे न्यावा, असे कुणाला सुचत नाही. कन्नड मुलांवरील सोनाली नाग यांच्या २००७ च्या अभ्यासातही अक्षराचे भान लवकर, तर सुट्या ध्वनीचे सावकाश येताना दिसते.

एकच अक्षर दोन ध्वनींसाठी असेल, तर फरक कानाआड जातो. ‘चमचा’ आणि ‘चार’ यांचे च वेगळे, हे मराठी मूल बोलताना कधी चुकत नाही. पण तक्त्यावरचा ‘च चमच्याचा’ पाठ झाल्यावर दोन्ही शब्द एकाच आवाजाने सुरू होतात, असे तेच मूल ठामपणे सांगते. विचारणाऱ्या मोठ्यांचीही गत बरेचदा तीच.

न शिकवलेला कान कसा असतो, हे चुकांतून दिसते. चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये नोंदवले, की शाळेआधीच लिहू लागलेली अमेरिकन मुले ‘ट्रेन’ची सुरुवात ‘सीएच’ने करतात; आणि इंग्रजी उच्चारात तिथे च-सारखी छटा खरोखरच असते. आपल्याकडच्या वह्यांत ‘सिंव्ह’ आणि ‘द्न्यान’ सापडतात. बाई लाल शाईने ‘सिंह’ करून देतात. महिन्याभराने त्याच मुलाला विचारावे, ‘सिंह’मध्ये व ऐकू येतो का? ते मान हलवते: नाही, सिं आणि ह, दोनच.